लाल रेघेवरचा चिंचोका

सर, तरली. आधी एवढंच सांगते, बाकीचं मागून. आमच्या सुनेची फुलांची बतुकम्मा काल संध्याकाळी गावच्या तलावात मधोमध जाऊन उभी राहिली. कलली नाही, बुडाली नाही, आणि तेव्हापासून माझं कशातच ध्यान नाही. आज सकाळी दुकान उघडलं आणि पहिल्याच गिऱ्हाइकाला साखरेच्या जागी मीठ बांधून दिलं. बिचारी हसत परत आली. नवरा म्हणाला, तू आज काट्यावर हात ठेवू नको बाई, कोणाला तरी सगळं सांगून मोकळी हो. आता हे ज्याला सांगावं असा माणूस एकच, आणि तुम्हाला जाऊन तर किती वर्षं झाली. तरी लिहायला बसले. तुमच्यापुढं बोलायला मी शाळेत कधी भ्याले नाही, आता काय भ्यायचं.

मी तुम्हाला आठवते की नाही, देव जाणे. तामसीच्या बाजूला आमच्या मराठी शाळेत तुम्ही सायन्स शिकवायला आले तेव्हा मी आठवीत होते, किराणा दुकानदाराची थोरली. तुम्ही आदिलाबादहून बसनं यायचे, चौकोनी अल्युमिनियमचा डबा काखेत धरून. तुमची भाषा तेलुगू, आमची ही असली मराठी. पण ती तुम्ही पुस्तकातून शिकलेच नाही, आमच्याकडून शिकले. म्हणून ‘का’च्या जागी ‘काऊन’ तुमच्या तोंडी पक्कं बसलं, पण कोण ‘तो’ आणि कोण ‘ती’ याचा मेळ शेवटपर्यंत लागला नाही. डबा ‘ती’ आणि मी ‘तो’. आम्ही तोंडावर हात ठेवून हसायचो. तुम्हीही हसायचे, आणि मग असा एखादा प्रश्न टाकायचे की हसणाऱ्याची बोलती बंद. घरी जेवायला बसलं तरी तो प्रश्न ताटात असायचा.

एक दिवस तर मला अजून जसाच्या तसा दिसतो. हापशीजवळच्या हौदाभोवती आमचा वर्ग गोल करून उभा आहे. तुमचं जेवण झालंय, डबा धुऊन तुम्ही तो उघडाच पाण्यावर सोडलाय, आणि विचारून राह्यले, यात किती वजन ठेवलं तर हा बुडेल? कोणी म्हणतं मूठभर खडे, कोणी म्हणतं एक दगड. मी दुकानदाराची पोरगी, मला वजनाची लई घमेंड. मी ठासून सांगते, पावशेर, त्याच्यावर एक दाणा नाही. तुम्ही विचारता, काऊन? मी म्हणते, वाटून राह्यलं, सर. यावर तुम्ही रागावले नाही, आवाजही चढवला नाही, पण सगळ्यांच्या देखत जे बोलले ते माझ्या कानात आजवर आहे.

“वाटणं घरी ठेवून ये. पाण्याला काही वाटत नसते.”

मान खाली घालून मी उभी राहिले, तर तुम्ही डबाच माझ्या हातात दिला आणि म्हणाले, जा, याचं वजन करून आण. मी धावत दुकानात गेले. बाबांनी डबा पारड्यात ठेवला आणि म्हणाले, काय वं, मास्तरचा डबा आता मोडीत काढता काय. मी वजन पाठ करत परत आले. मग तुम्ही पट्टी दिली. लांबी मोजली, रुंदी मोजली, उंची मोजली, तिघांचा गुणाकार केला. एवढं पाणी या डब्यात मावते, म्हणजे काठापर्यंत बुडला की एवढंच पाणी तो बाजूला सारते, आणि जेवढं पाणी बाजूला सारलं तेवढंच वजन पाणी उचलून धरते, असं तुम्ही सांगितलं. त्यातून डब्याचं वजन वजा करायला लावलं. डबा आधी आपलं सोताचं वजन उचलते, उरलं तर तुझं, हे तुमचे शब्द. उत्तर आलं अर्ध्या किलोच्या वर. माझा पावशेर तिथंच वाहून गेला. कोणाचाच विश्वास बसेना, म्हणून मी पुन्हा दुकानात जाऊन लोखंडाचं अर्ध्या किलोचं माप आणलं. तुम्ही ते हलक्या हातानं बरोबर मधात ठेवलं. डबा दचकला, खाली गेला, आणि तरत राहिला, सर. लोखंड घेऊन तरत राहिला. त्या क्षणी मला जे झालं त्याला काय म्हणतात ते मला माहीत नाही, पण कालही तेच झालं.

मग छोटी मापं टाकली, आणि शेवटी चिंचोके, एकेक करून. पाणी काठाला आलं, काठावर फुगलं, आणि एका चिंचोक्यानं डबा गडप. तुम्ही कोपरापर्यंत हात घालून डबा काढला, पुन्हा हात घालून तळातून एक चिंचोका शोधला आणि माझ्या तळहातावर ठेवला. म्हणाले, हा ठेव, बाकी सगळे साधे होते, बुडवलं यानं. नाव बुडते ती ‘अजून एकाला जागा आहे’ म्हणणाऱ्यापायी. म्हणून नावेवर रेघ अर्ध्यावर मारायची, कारण पाणी हलते आणि माणूसही हलते, आणि रेघेला पाणी लागलं की सख्ख्या भावालाही नाही म्हणायचं. हे सगळं मी मान डोलावून ऐकलं. पण मी गप बसणाऱ्यातली नाही. मी विचारलं, सर, हौदात एवढे चिंचोके पडले, शेवटचा तो हाच कशावरून? तुम्ही ओला हात पुसला. मग हसत म्हणाले, “ते मात्र मला वाटते.” सारा वर्ग खिदळला.

आता कालचं. माझ्या पोरानं दोन वर्षांखाली आपल्या मनानं लग्न ठरवलं. पोरगी निर्मलकडची, तेलुगू घरची. पोरगी गुणाची, पण तिची आई, म्हणजे आमच्या विहीणबाई, मांडवातच मला बाजूला घेऊन हिंदीत म्हणाल्या होत्या की मराठी घरात माझ्या लेकीची बतुकम्मा कोण उचलेल? ही गोष्ट माझ्या मनाला लागली. आपल्याकडं घट बसतात त्याच दिवसांत त्यांची ही फुलांची देवी असते, तुम्हाला मी काय सांगू. मागल्या वर्षी सून सणाला माहेरी गेली. आमच्या घरी घट होते, दिवा होता, आणि तरी घर ओस पडलं होतं. यंदा ती आपणहून म्हणाली, मी इथंच करते. विहीणबाईंनी फोनवर कळवलं की मी पाहायला येते, आणि नीट झालं नाही तर दरवर्षी लेक सणाला माझ्याकडं येईल. सून मला आडपडदा न ठेवता म्हणाली, “अत्तम्मा, आमच्या गावात अम्माची बतुकम्मा चेरुवूच्या, तलावाच्या मधात जाते. इथं तर काठालाच बसते.” खरंच होतं ते. आमच्या तलावाचा काठ म्हणजे गाळ आणि वेली. गावात दोन-चार तेलुगू घरं आहेत, त्यांच्या छोट्या बतुकम्मा तिथंच अडकून बसतात, दुसऱ्या दिवशी शेळ्या फुलं खातात. सुनेला उंच पाहिजे होती, आईच्या तोडीची, आणि मधात पाहिजे होती. जमेल का, तिनं विचारलं. जीभ ‘हो’ म्हणायला निघाली होती, तिला आवरून मी म्हटलं, मोजून सांगते. आणि उघडच लिहिते, सर, मला ही पोरगी सणाच्या दिवशी माझ्या घरात पाहिजे होती.

दुकानात तेलाचे पंधरा लिटरचे रिकामे कॅन पडून असतात. त्यांची बुचं आवळली, आठ कॅन आडवे घालून वर बांबूची चौकट आवळली, तिच्यावर फळी. आठ पंधरे एकशेवीस, म्हणजे सगळे बुडेपर्यंत एकशेवीस किलो. त्याचं अर्धं साठ. प्रत्येक कॅनला बरोबर मध्यावर मी नेलपॉलिशनं लाल रेघ मारली. दुकानातली नवी बाटली फोडली त्यासाठी, नवरा कुरकुरला. सगळा सांगाडा पोत्याच्या काट्यावर तोलला. बतुकम्मा एवढी उंच, म्हणून तिच्या भारानं तराफा कलू नये यासाठी चौकट ऐसपैस ठेवली. सकाळी तलावावर नेऊन ज्वारीचं तीस किलोचं पोतं ठेवून पाहिलं, पाणी रेघेच्या खाली राहिलं. तेवढ्यात नवरा म्हणाला, पोत्याचं काय सांगते, माणूस ठेवून पाहा, आणि मी नको नको म्हणेपर्यंत एका कडेला चढला. त्याचं पुढं काय झालं ते सांगत नाही, पण त्याचे कपडे अजून दोरीवर वाळून राह्यले आहेत.

सुनेनं दुपारपासून फुलं रचली. तरवड, कुरडू, झेंडू, थरावर थर, माझ्या छातीला लागेल एवढी उंची, आणि शेंड्यावर हळदीची गौरम्मा. फुलं सुकू नयेत म्हणून ती सारखी पाणी शिंपडत होती. मीही पक्की. कोरड्या फुलांवर भरवसा ठेवला नाही, पाणी शिंपडून झाल्यावरच परातीसकट काट्यावर घेतली. रेघेपर्यंत पाच किलोची जागा शिल्लक होती. दिव्याला, वाऱ्याला, कोणाच्या हाताच्या धक्क्याला पाच किलो पुष्कळ झाले. मी स्वतःवर इतकी खूश होते की तुम्ही समोर असते तर मान ताठ करून वही दाखवली असती.

आणि सर, मी सगळं तोललं, पण आपल्याच बायकांना विसरले. सुनेचा सण एकटा पडू नये म्हणून मीच दारोदार फिरून सांगितलं होतं, या गं सगळ्या तलावावर. त्या आल्या. ठेवणीतल्या साड्या नेसून आल्या आणि प्रत्येकीच्या हातात ताट. ताटात तांदूळ, खण, हळदकुंकू आणि नारळ. देवी निघाली की आपली बाई रिकाम्या हातानं जाते का कुठं? ओटी भरूनच जाते. तेलुगू बायकांत बतुकम्मेची ओटी भरत नाहीत, म्हणून ते माझ्या हिशेबातच नव्हतं. आणि आपल्या बायकांना ती देवी दिसली, त्यांनी दुसरं काही विचारलंच नाही. सगळ्यात आधी शेजारची म्हातारी, जिला सारं गाव मोठी माय म्हणतं. तिनं गुडघाभर पाण्यात येऊन फळीवर मूठभर तांदूळ घातले, खण ठेवला, नारळ ठेवला, हात जोडले. मग दुसरी, मग तिसरी. नारळांचा ढीग वाढत चालला आणि मी वाकून रेघ पाहून राह्यले. पाणी रेघेला लागलं. मग रेघ गेली. रांग तर पार सडकेपर्यंत.

विहीणबाई काठावर हाताची घडी घालून उभ्या. सून एकदा माझ्याकडं पाहते, एकदा कॅनकडं. तिला रेघ माहीत होती, तिचं तोंड उतरत चाललं. मी काय करू, सर? भरू देते तर आईच्या डोळ्यांदेखत पोरीची बतुकम्मा काठालाच आडवी होते, आणि ती कायमची माहेरच्या सणाची होते. थांबवते तर आपल्या बायका दुखावतात. ओटीला नाही म्हटलं की बाई ते जन्मभर विसरत नाही, आणि मग पुढल्या वर्षी हा सण ‘त्यांचा’, आपला नाही. तुम्ही सख्ख्या भावाला नाही म्हणायला सांगितलं होतं. मोठ्या मायला आणि तिच्यामागच्या रांगेला कसं म्हणायचं, ते सांगितलं नव्हतं.

तेवढ्यात ढीग घसरला. सात-आठ नारळ फळीवरून गडगडत पाण्यात पडले आणि बायकांच्या तोंडून एकदम ‘माय वो’ निघालं. कोणीतरी अपशकुन म्हणालीही. पण माझं लक्ष नारळांकडं होतं. ते खाली गेले नाहीत. शेंडी वर करून पाण्यावर डुलायला लागले, कॅनला येऊन टकटक करायला लागले. आणि त्यांच्या मागं, कॅनवर, माझी लाल रेघ पाण्यातून हळूच वर आली. मी बघतच राहिले. मग तिथंच, गुडघाभर पाण्यात, मला वेड्यासारखं हसू फुटलं. नारळ फळीवर असला की तो तराफ्यानं उचलायचा. पाण्यात असला की तो आपलं सोताचं वजन सोता उचलते. तुमचेच शब्द, सर, डब्याचे. नारळ तोच, ओटी तीच, फक्त जागा बदलायची.

मी नवऱ्याला ओरडून सांगितलं, दुकानातून कांद्याच्या जाळीच्या पिशव्या आणा, असतील तेवढ्या. तो गाडीवर बसून ओल्या वाटेनं गेला तो लगेच आला. एकेक नारळ आधी पाण्यात सोडून पाहायचा, तरला की जाळीत, बुडाला की प्रसादाला बाजूला. बुडणारे अगदी थोडे निघाले. भरलेल्या जाळ्या तराफ्याच्या चारी बाजूंनी बांधायच्या, पाण्यातच. मोठ्या मायला हे पसंत पडेना. ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, “देवीचा नारळ पान्यात काऊन टाकून राह्यली वं?”

“टाकत नाई, मोठी माय,” मी म्हटलं. “देवीच्या संगं पोहत चालला.”

तिनं वाकून डुलणारे नारळ पाहिले. मग म्हणाली, “मंग माहा समोरून बांध.” झालं. मोठ्या मायनं हुकूम दिला म्हटल्यावर बाकीच्यांनी आपापले नारळ आपल्या हातानं पाण्यात सोडले, आणि तरला की पोरींसारख्या टाळ्या पिटल्या. कोणाचा नारळ चांगला तरतो याच्यावर चढाओढ लागली, चेष्टा सुरू झाली. माझ्या बोटांना गाठी मारायचं भान राहिना, तर बाजूनं एक हात आला आणि जाळी माझ्याकडून काढून घेतली. विहीणबाई. साडी खोचून त्या पाण्यात उतरल्या होत्या. गाठ त्यांची माझ्यापेक्षा पक्की. मारता मारता त्यांनी हिंदीत विचारलं, ह्या बायका हे काय करून राह्यल्या? मी मोडक्या हिंदीत सांगितलं की ही ओटी, आम्ही घरच्या लेकीसुनांची भरतो आणि आमच्या देवीची भरतो, परक्याची भरत नाही. त्यांनी हातातली गाठ आवळली. रांग संपत आली तशा त्या वर गेल्या, प्रसादाच्या ढिगातला नारळ घेऊन आल्या आणि सुनेला विचारून विचारून, हळद कुठं, कुंकू कुठं, तांदूळ किती, असं करत त्यांनी लेकीच्या बतुकम्मेची ओटी भरली. त्यांचा नारळ बुडणाऱ्यांतला होता, तो मी मुकाट्यानं फळीवरच ठेवला. वाकून पाहिलं तर पाणी अगदी रेघेला टेकलं होतं. मी हात वर करून म्हटलं, बस.

पोरगा आणि नवरा दोन्ही बाजूंनी तराफा ढकलत पोहत निघाले. बायकांनी फेर धरला. सून आणि तिची आई गात होत्या. आपल्या बायकांना शब्द येत नव्हते, पण टाळी बरोबर पडत होती. तराफा वेलींतून सुटला, मोकळ्या पाण्यात गेला, नारळ चारी अंगांनी डुलत गेले, वर दिवा. मधोमध जाऊन ती उभी राहिली. वारा आला तशी जरा हलली, आणि पुन्हा सरळ. मी रडले, सर, सांगायला लाज कसली. विहीणबाईंनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, “अगले साल मैं भी यहीं आऊँगी.” सून त्यांच्या मागं उभी राहून माझ्याकडं पाहत हसली. कॅनकडं बोट दाखवून तिनं हवेत एक रेघ ओढली.

आज सकाळी दोरीनं तराफा काठाला आणला. फुलं पाण्यावर पसरली होती, कॅन धुऊन पुन्हा दुकानात ठेवले. रेघा तशाच राहू दिल्या. बायका दुकानात येऊन विचारून राह्यल्या, तुला हे कोणी शिकवलं वं? मी तुमच्या डब्याची गोष्ट सांगते आणि काही ना काही चुकीचं तोलून देते. हे पत्र टाकायचं कुठं? तुमच्या गावचा पत्ता मला तेव्हाही माहीत नव्हता. काट्याखाली ठेवून देईन, तिथं ते वाऱ्यानं उडायचं नाही.

एक गोष्ट मात्र नवऱ्याला सांगितली नाही, तुम्हाला सांगते. मी ‘बस’ म्हटलं तेव्हा एकीची ओटी भरायची राहिली होती, आणि ती माझी. पाणी रेघेला टेकलेलं. सख्ख्या भावालाही नाही म्हणायचं. माझा नारळ मी ताटातच ठेवला, पण पदराच्या गाठीला तुमचा चिंचोका होता, इतकी वर्षं गल्ल्यात ठेवलेला. कोणाचं लक्ष नाही असं पाहून मी तो गौरम्मेच्या पायाशी सरकवला, रेघेच्या वर, तोलल्याशिवाय. आता तो तलावात आहे. तो तुमचाच होता हेही मी मोजून सांगू शकत नाही, कारण गल्ल्यात पोरांच्या खेळातले आणखी दोन-चार पडून असतात. ते मात्र मला वाटते, सर.